चाळीस वर्षांचं ‘ऐकलं का’

“मेलेल्या बायकांची शपथ जिवंत बाईनं का पाळायची? एवढंच सांग मला, आजी!”

लाम्पोननं अंगणात पाऊल टाकायच्या आधीच विचारलं. टेकडी चढून धाप लागली होती, तरी आवाज खणखणीत होता.

एकाता म्हातारी, साऱ्या गावाची आजी, ओट्यावर ऑलिव्ह निवडत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

“आधी पाणी पी.”

“पाणी नको. उत्तर हवं.”

आता हा लाम्पोन कोण? लहानपणी सहा वर्षं ह्याच ओट्यावर बसून तो आईच्या, म्हणजे इथल्या मूळच्या कारी लोकांच्या, भाषेतली गाणी शिकला, औषधी पाला ओळखायला शिकला. मग यवन, म्हणजे ग्रीक, बापानं त्याला खाली बंदरावरच्या शहरात आपल्या पंडितांकडे धाडलं. तिथं तो वाद घालायला शिकला. असा शिकला, असा शिकला, की पुढं त्याला बघून माणसं रस्ता बदलायला लागली. त्याला वाटायचं, आपण जिंकलो.

आणि ही शपथ? ती साऱ्या किनाऱ्याला ठाऊक होती. कैक पिढ्यांपूर्वी समुद्रापलीकडून यवनांची गलबतं आली. त्यांनी इथले कारी पुरुष कापून काढले आणि त्यांच्याच बायका-मुलींना घरात घातलं. त्या बिचाऱ्यांच्या हातात काय उरलं होतं? त्यांनी शपथ घेतली, ह्या नवऱ्यांसोबत जेवायला बसायचं नाही आणि त्यांना नावानं हाक मारायची नाही. आईनं ती लेकीला दिली, लेकीनं तिच्या लेकीला. तलवार चालवणाऱ्यांची हाडंसुद्धा राहिली नाहीत. शपथ तेवढी राहिली. ती द्यायचा, आणि कुणी मागितलंच तर सोडवायचा, मान आता एकाताकडे होता.

“बाबांचं काही खरं नाही,” लाम्पोन म्हणाला. “वैद्यानं हात टेकले. गलबतं जोडण्यात जन्म गेला त्यांचा, कधी कुणाच्या अंगावर हात टाकला नाही. त्यांचं मागणं एकच आहे. आईनं एकदा सोबत बसून घास खावा आणि ‘निकांद्र’ म्हणून हाक मारावी. एकदा, आजी!”

“आणि ती?”

“ताट ठेवते आणि बाहेर जाते. ‘ऐकलं का, ऐकलं का’ करत चाळीस वर्षं काढली. आता ऐकणाराच चालला.”

म्हातारीनं एक किडकं फळ बाजूला टाकलं.

लाम्पोननं वाटेत मुद्दे जुळवून ठेवले होते. “शपथ घेणारी मेली, की शपथ संपली. ज्याच्यावर राग होता तो मेला, की रागही संपला. आणि निरपराध माणसाला शिक्षा देणारी शपथ तर देवालासुद्धा...”

“खरंय,” म्हातारी म्हणाली.

 लाम्पोनचे अजून दोन मुद्दे बाकी होते.

“अगदी खरंय तुझं. परवाच सोडवलं मी तिला.”

“कुणाला?”

“तुझ्या आईला. दुपारची आली होती.”

 परवा आई घरात नव्हती. संध्याकाळी आली, तेव्हा लाम्पोननं शेजाऱ्यांदेखत तिला वाटेल ते सुनावलं होतं. नवरा मरायला टेकलाय आणि तू कुठं उंडारत होतीस, असं म्हणाला होता.  ती पायांची धूळ झटकून चुलीपाशी गेली होती.

“चालत आली?”

“मग काय, तू मेणा पाठवला होतास? हाच चढ, आणि तिचे ते गुडघे.”

तो ओट्याच्या पायरीवर बसला.

“तिथंच बसली होती,” म्हातारी म्हणाली. “म्हणाली, मला सोडव. मी तिच्या ओठांवरून पाणी फिरवलं. म्हटलं, बाई, मोकळी झालीस. घे आता नाव, इथं कुणी नाही.”

“घेतलं?”

“अंगणातलं ऊन निघून गेलं, तरी ओठ हलेनात. मग घेतलं. आधी हळू. मग मोठ्यानं. आणि हसली रे ती... पोरीसारखी हसली. म्हणाली, एवढंसंच होतं? आणि जी रडायला लागली, मला आवरेना.”

लाम्पोनचे डोळे भरून आले. आईचं हसणं कसं असतं, ते त्याला आठवेना.

“मग घरी येऊन का नाही घेतलं?”

“चार पावलं गेली आणि परत फिरली. म्हणाली, मला पुन्हा बांध.”

“का पण?”

“म्हणाली, आता हाक मारली तर हे विचारतील, चाळीस वर्षं का नाही मारलीस? शपथ होती तोवर माझ्याकडे उत्तर होतं.”

...

कुठंतरी खाली शेळ्या ओरडत होत्या.

“आणि तू बांधलंस?”

“बांधलं.”

“आजी!”

“ओरडू नकोस. साठ वर्षं मला बांधायचंच ठाऊक. तिनं हात जोडले, आणि माझ्या तोंडून शब्द निघून गेले. परवापासून घास उतरत नाही मला.”

  लाम्पोन गुडघ्यांत डोकं घालून रडला, अगदी हमसून हमसून रडला. बापासाठी रडला, की शेजाऱ्यांसमोर मान खाली घालून उभ्या राहिलेल्या आईसाठी, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

“बाबा दाराकडे डोळे लावून पडलेत,” तो शेवटी म्हणाला. “त्यांना जाऊन काय सांगू?”

म्हातारी उठली. कमरेवर हात ठेवून, कण्हत, घरात गेली. पाण्याचा लहानसा गडू घेऊन बाहेर आली. ओंजळीत थोडं पाणी घेतलं आणि ते स्वतःच्या ओठांवरून फिरवलं.

मग ती अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. समोर उतारावर ऑलिव्हची झाडं होती. तिचा नवरा ती राखायचा. तोही यवनच. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याचं नाव गावाला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडून ते कुणीही, कधीही ऐकलं नव्हतं.

“दोर्कोन!” म्हातारीनं हाक मारली.

आवाज फाटका होता. तिनं श्वास घेतला आणि पुन्हा मारली.

“दोर्कोन! अहो दोर्कोन!”

ती वाट बघत राहिली. लाम्पोनही उभा राहिला. उतारावर वारा होता, आणखी काही नव्हतं...

बऱ्याच वेळानं ती वळली. तिचा चेहरा ओला होता आणि तो पुसायचं तिच्या ध्यानात नव्हतं. उरलेल्या पाण्याचा गडू तिनं लाम्पोनच्या हातात दिला.

“ऐकलंस?”

“काहीच ऐकू आलं नाही, आजी.”

“मग हे पाणी आईकडे घेऊन पळ, लेका. तुझा बाप अजून ओ देतो.”