निखारे नेणारा जासूद

फार जुनी गोष्ट. डोंगरवाटांवर घोडे घसरायचे, म्हणून तिथल्या राजाचे निरोप माणसंच धावत पोचवायची. या माणसांना जासूद म्हणत आणि त्यांच्या हाती घुंगरांची काठी असे. असाच एक जासूद होता सटवाजी.

दर गुढीपाडव्याला राजा जासुदांची परीक्षा घेई. पायथ्यापासून निघायचं आणि गडावरचा नगारा थांबायच्या आत दरवाजा गाठायचा. जो मागे राही त्याची काठी जाई, आणि तो कोठारात उंदीर हाकायला बसे. सटवाजीला त्या कोठाराची फार धास्ती होती. शिवाय काठी त्याच्या वडिलांची होती.

इतकी वर्षं तो आणि त्याचा मित्र हैबती रोज पहाटे गडाच्या वाटेवर धावत. एकमेकांना चिडवता चिडवता चढ कधी सरला ते कळत नसे. पण दिवाळीनंतर हैबतीची नेमणूक दूरच्या ठाण्यावर झाली आणि सटवाजी एकटा पडला.

एकट्याने धावणं म्हणजे अळणी भाजी. पहिल्या दिवशी त्याला थंडी वाजली. दुसऱ्या दिवशी टाच दुखली. तिसऱ्या दिवशी काहीच दुखेना, तेव्हा आता काय दुखतंय याची वाट बघत तो अंथरुणात पडून राहिला.

"अहो, त्या काठीवर मी धुणं वाळत घालू का?" बायको गोदाने विचारलं.

हे झोंबलं. तो निघाला खरा, पण धावला नाही. रमतगमत निम्मा चढ चढला आणि एका झोपडीपुढे बसला. तिथे धनगराची एक म्हातारी राहत होती. तिचा लेक मेंढ्या घेऊन खाली उतरला होता. सटवाजीने तिला आपलं रडगाणं ऐकवलं.

"तुझं तू बघ बाबा," म्हातारी म्हणाली. "माझं मात्र एक काम कर. रात्रीच्या वाऱ्यानं चूल विझते माझी. पहाटे येताना मडक्यात चार निखारे आणत जा. असा रमतगमत आलास तर राख आणशील."

नाही कसं म्हणणार? दुसऱ्या दिवशी थंडी होतीच, पण उपाशी बसलेली म्हातारी डोळ्यांपुढे आली आणि सटवाजी उठला. वाटेत दोनदा टेकला, तर खरोखर राखच पोचली. त्याला फार वाईट वाटलं. मग मात्र तो न थांबता धावू लागला. निखारे लाल पोचू लागले, म्हातारी हातावर गरम भाकरी ठेवू लागली, आणि आपण एकटे आहोत हे आठवायला त्याला सवडच उरली नाही.

पाडवा आला. त्या दिवशी मडकं घरीच राहिलं. नगारा जोरात वाजत असतानाच सटवाजीने दरवाजा गाठला. राजाने स्वतः त्याच्या काठीला नवे घुंगरू बांधले. आनंदाने खाली उतरताना बघतो, तर झोपडीतून धूर निघतोय.

"आजी, आज विस्तव कुणी आणला?"

म्हातारी गालात हसली. "माझी चूल कधी विझलीच नव्हती रे. तुझे घुंगरू ऐकू आले की मी निखाऱ्यांवर राख ओढायची. आता परीक्षा झाली, उद्यापासून निजून राहा खुशाल."

सटवाजी पोट धरून हसला. पण रात्री विचारात पडला. आता पहाटे उठायचं कशासाठी?

पहाटे जाग आलीच. तो या कुशीवरून त्या कुशीवर झाला, पण करमेना. शेवटी उठला, मडक्यात निखारे भरले आणि निघाला. म्हातारीची थट्टा करावी, एवढाच बेत होता.

झोपडीत पोचला, तर चूल गार. म्हातारी पीठ मळून वाट बघत बसली होती.

"आज खरंच विझली?"

"काल रात्री मी विस्तव राखेत झाकून जपलाच नाही. म्हटलं, तू येणारच."

"आणि नसतो आलो तर?"

"तर उपाशी राहिले असते. दे इकडे ते मडकं, पीठ वाळायला लागलंय."

सटवाजीने मडकं तिच्या हाती दिलं. तो खाली बसून चूल फुंकू लागला. त्यानंतर त्याची एकही पहाट चुकली नाही, आणि काठी म्हातारपणापर्यंत त्याच्याच हाती राहिली.

लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: एकट्या पायांना कंटाळा लवकर येतो, म्हणून आपलं धावणं कुणाच्या तरी उपयोगी पडेल असं करावं.