गव्हाणीतली एक काडी

फार जुनी नाही आणि कालपरवाचीही नाही, अशी ही गोष्ट आहे. खाडीच्या काठाला, केळी आणि पानवेलींच्या वाड्यांमध्ये एक कॅथलिक गाव होतं. गावात चर्च, चर्चसमोर विहीर आणि विहिरीच्या अल्याडपल्याड दोन घरं. मूळचं घर एकच, पुढे वाटण्या होऊन त्याची दोन झाली. थोरल्या घरात लुर्दीन राहायची आणि धाकट्या घरात तिची जाऊ रेजीन.

बाळ येशूची लाकडी मूर्ती पिढ्यान् पिढ्या या घराण्याकडे होती. वाटण्या करताना सासऱ्यांनी मूर्ती थोरल्या घरात ठेवली आणि बाळाला निजवायची गव्हाण धाकट्या घरात. म्हातारा हुशार. काही झालं तरी नाताळला दोन्ही घरांना एका जागी यावंच लागेल, असा त्याचा हिशेब.

गावाची एक रीत होती. नाताळच्या आधी चार रविवारांचा, दर रविवारी एक मेणबत्ती पेटवायचा आगमनकाळ सुरू झाला की रिकामी गव्हाण वेदीपुढे मांडायची. मग ज्याने कोणावर केलेला अन्याय निस्तरला, कोणाची माफी मागितली, कोणाचं अडवलेलं सोडलं, त्याने भाताच्या पेंढ्याची एक काडी आणून गव्हाणीत ठेवायची. किती ठेवल्या, कशाबद्दल ठेवल्या, कोणी विचारायचं नाही. नाताळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या उपासनेला, त्याच काड्यांवर बाळ निजायचं. ज्या वर्षी गावात फार हेवेदावे असत त्या वर्षी काड्या पुरत नसत. मग म्हातारी माणसं मान खाली घालून म्हणत, "यंदा बाळाला लाकूड टोचलं."

पण लुर्दीन आणि रेजीन नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. एक मूर्ती आणायची, दुसरी गव्हाण आणायची, आणि दोघी दोन दारांनी घरी जायच्या.

त्या वर्षी सात गावांत नाताळगोठ्यांची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यांची, स्पर्धा जाहीर झाली. तिसऱ्या रविवारी परीक्षक येणार होते. गोठ्याच्या कमिटीचा पुढारी होता दुमिंगशेट. त्याने कंबर कसली. चर्चमध्ये डोंगर उभा राहिला, डोंगरातून मोटर लावलेला धबधबा पडू लागला, रंगीत दिवे लुकलुकू लागले आणि सगळ्यावर कापसाचा बर्फ पसरला. ज्या गावात माणसं डिसेंबरातही पंखा लावून झोपतात, तिथे बर्फ!

शनिवारी दुपारी लुर्दीन ओट्यावर वाल सोलत बसली होती. दुमिंगशेट घाम पुसत आला.

"लुर्दीनबाय, बाळ द्या. उद्या परीक्षक यायचेत."

"कुठलं बाळ?"

"आता गावात बाळं किती आहेत? पेटीतलं."

"अजून तिसरी मेणबत्तीसुद्धा पेटली नाही, दुमिंगशेट. बाळ आलंय कुठे अजून?"

"अहो, मूर्ती ती. तिला काय कळतंय आज तारीख कुठली?"

"तिला नाही कळत. आपल्याला कळायला हवं ना?" लुर्दीनच्या हातातल्या शेंगा सुपात पडल्या. "मारियेने नऊ महिने वाट पाहिली. तुम्हाला चार आठवडे धीर धरवत नाही? आणि गव्हाणीत काड्या तरी किती झाल्यात?"

दुमिंगशेट खूश होऊन हसला. "त्याची काळजीच सोडा. दोन भारे पेंढा आणला मी. गव्हाण कशी गच्च भरली! गादीच म्हणा ना."

लुर्दीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दोन भारे? विकत?"

"मग? दहा-बारा काड्यांवर बाळ ठेवून परीक्षकांपुढे हसं करून घ्यायचं?"

लुर्दीन उठली. पदर खोचला आणि तरातरा चर्चकडे निघाली. मागून दुमिंगशेट "अहो बाय, अहो ऐका तरी" करत राहिला.

चर्चमध्ये कोणी नव्हतं. धबधबा तेवढा झुळझुळत होता. गव्हाण पेंढ्याने इतकी फुगली होती की तिच्या कडा दिसत नव्हत्या. लुर्दीनने दोन्ही हात घातले आणि पेंढा उपसायला लागली. "पापाची कबुली नको," ती स्वतःशीच बडबडत होती, "माफी नको, उपास नको, काही नको! बाजारातून भारा आणा नि देवाला झोपवा त्याच्यावर! देव काय म्हैस आहे?" कवळेच्या कवळे तिने दारातून बाहेर फेकले. अंगणातल्या दोन बकऱ्या धावत आल्या आणि चरायला लागल्या. गव्हाण लाकडापर्यंत खरवडून झाली तेव्हा लुर्दीनने कपाळावरचा घाम पुसला. तिला फार बरं वाटलं.

"झालं समाधान?"

मागे रेजीन उभी होती. हातात गव्हाण पुसायचं ओलं फडकं. नऊ वर्षांत तिने लुर्दीनशी उच्चारलेले हे पहिले दोन शब्द.

लुर्दीनने मान फिरवली. मग राहवलं नाही. "तुझ्या घरची गव्हाण. त्यात तो माणूस बाजारचा पेंढा कोंबतो आणि तू बघत बसतेस?"

"मी सकाळी वाडीत होते. आत्ता कळलं." रेजीन वाकून गव्हाणीत बघत राहिली. "तळाशी चौदा खऱ्या काड्या होत्या, बाय. त्यातली एक पेद्रूदादाची. बारा वर्षांनी मेव्हण्याच्या दारात गेला होता तो. तीही फेकलीस?"

लुर्दीन दारात धावली. बकऱ्या शांतपणे रवंथ करत होत्या. पेंढ्याच्या काडीला का नाव लिहिलेलं असतं? खरी कुठली आणि बाजारची कुठली, ते आता देवच जाणे.

तिचा चेहरा पडला, पण राग ओसरेना. "त्याने भारे आणले नसते तर मी कशाला फेकलं असतं?"

"बरोबर. चूक नेहमी दुसऱ्याचीच." रेजीनने फडकं पिळलं. "दुमिंगशेटने विकतची तरी आणली. तुझी काडी नऊ वर्षांत एकदाही दिसली नाही मला. गव्हाण रोज मी पुसते, कोण काडी ठेवतं ते मला ठाऊक असतं."

"आणि तुझी दिसली वाटतं?"

"मी कशाबद्दल ठेवू? मी काय केलं होतं तुझं?"

आणि खरोखर रेजीनने काहीच केलं नव्हतं. केलं होतं लुर्दीनने. सासू गेली त्या दिवशी, दारात मयताला चाळीस माणसं जमलेली असताना, लुर्दीन रडता रडता ओरडली होती, "धाकटीने म्हातारीला शेवटी पेजसुद्धा दिली नाही!" खरं म्हणजे लुर्दीन तेव्हा महिनाभर माहेरी होती. आपण वेळेवर आलो नाही हे तिला सलत होतं, आणि त्याचं खापर तिने दुसरीच्या डोक्यावर फोडलं. चाळीस माणसांनी ऐकलं. कित्येकांनी खरं मानलं. रेजीनच्या हातचं पाणी प्यायलाही पुढे कोणकोण कां-कूं करायचं. लुर्दीन ते बघायची आणि गप्प राहायची. आगमनकाळ मात्र नेमाने पाळायची. शुक्रवारी उपास, रोज माळेची प्रार्थना, प्रायश्चित्ताच्या रंगाची जांभळी साडी. बाजारच्या पेंढ्यासारखीच सगळी भरती!

रेजीन गव्हाण पुसून निघून गेली.

रविवारी सकाळी चर्च गच्च भरलं. फादरांच्या अंगावर त्या दिवसापुरता गुलाबी झगा होता, कारण तिसरा रविवार आनंदाचा. तिसरी, गुलाबी मेणबत्ती पेटली. पहिल्या बाकावर तीन परीक्षक वह्या घेऊन बसले होते. आणि डोंगर, धबधबा, दिवे, बर्फ यांच्या मधोमध गव्हाण कोरडी ठणठणीत. दुमिंगशेट लुर्दीनकडे असा बघत होता, की नजरेने माणूस भाजला असता तर ती तिथेच भाजली असती.

मिस्सा संपताना फादर म्हणाले, "गोठ्याबद्दल कमिटीची तक्रार माझ्याकडे आली आहे. लुर्दीनबाय, मूर्ती तुमच्याकडे असते. बाळ आज द्यायचं की नाताळला, तुम्हीच सांगा."

सगळ्या माना वळल्या. "नाताळलाच," एवढं म्हणून लुर्दीन बसली असती तर गावाने तिला शाबासकी दिली असती. निम्म्या गावाला तो धबधबा खटकत होताच. तिच्या पदरात घरून आणलेली पेंढ्याची एक काडी होती, ती तिने मुठीत आवळली. परक्या गावची माणसं समोर होती.

"बाळ आज नाही," ती उभी राहून म्हणाली. "निजवायला जागा नाही. पेंढा विकत आणणाऱ्याचा मला काल फार राग आला. रागात मी तुमच्या खऱ्या काड्याही फेकल्या, त्याची माफी मागते. पण माझी काडी तर त्यात कधी नव्हतीच." तिने श्वास घेतला. "नऊ वर्षांपूर्वी माझ्या सासूच्या मयताला मी तुमच्यासमोर खोटं बोलले. या रेजीनने म्हातारीला शेवटच्या दिवसापर्यंत चमच्याने पेज भरवली. मी इथे नव्हतेच. चाळीस माणसांत बोलले होते, म्हणून आज सगळ्यांत सांगते."

ती पुढे गेली आणि कोरड्या गव्हाणीत एक काडी ठेवली.

चर्चमध्ये फक्त मोटरचा आवाज. दुमिंगशेटने उठून ती बंद केली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मागच्या बाकावरून पेद्रूदादा खेकसला, "आणि माझी काडी बकरीने खाल्ली त्याचं काय?"

"दुसरी ठेवा, दादा."

"ठेवतो. पण मेव्हण्याच्या पाया पुन्हा पडायला लावू नकोस. एकदा पडलो त्यात गुडघा गेला!"

लोक हसले. रेजीन हसली नाही. ती तोंडाला पदर लावून रडत होती. नऊ वर्षं दाबलेलं रडणं ते, लवकर कुठलं थांबतं?

परीक्षकांनी वहीत लिहिलं, 'गव्हाण अपूर्ण.' सात गावांत गावाचा नंबर सातवा आला. दुमिंगशेट आठवडाभर लुर्दीनच्या दारावरून तोंड वाकडं करून गेला. पण नाताळच्या आदल्या दिवशी त्याने शेजारच्या विधवेच्या वाटेवर तीन वर्षांपूर्वी घातलेलं काट्याचं कुंपण काढलं आणि चर्चमध्ये येऊन, कोणी बघत नाही असं पाहून, एक काडी ठेवली. रेजीनने पाहिलं. विचारलं नाही.

नाताळच्या मिस्साला गव्हाणीत मऊ बिछाना झाला होता. गादी नव्हती, पण लाकूड टोचलं नाही. लुर्दीनने बाळाला डोक्याकडून धरलं, रेजीनने पायांकडून, आणि दोघींनी मिळून त्याला निजवलं.

"हळू," रेजीन कुजबुजली, "आपटशील."

"मला शिकवतेस?" लुर्दीन म्हणाली.

त्या रात्री दोघी एकाच दाराने घरी गेल्या.

तात्पर्य काय, तर येणाऱ्याची वाट बघणं म्हणजे दिवे लावून बसणं नव्हे. ज्याला आपण दुखावलं त्याच्या दारात आधी जाऊन यावं. आणि दुसऱ्याची गव्हाण खोट्या पेंढ्याने भरलेली दिसली की चिडावं जरूर, पण चिडताना आपली काडी कुठे आहे तेही बघावं.