घंटांमधले गवत

फार पूर्वी चंपकनगरीत सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व मिठाचे बैल हाकणाऱ्या एका तांड्याचा नायक होऊन जन्मले होते. त्याच काळी टोपल्या विणणारी खेमिला तापाने फणफणलेल्या लेकीला कडेवर घेऊन नगरातल्या वैद्याकडे निघाली होती. ताप आपल्यालाही लागेल या धास्तीने सोबतीचे लोक तिला सालवनात टाकून पुढे निघून गेले. वाळक्या भोपळ्यात भरून घेतलेले पाणी संपले, ऊन कलले आणि वन तर चोरांचे. पाण्यावाचून लेक वाचेल असे तिला वाटेना.

एवढ्यात मागून खुरांचा आवाज आला. पुष्कळ बैल होते, पण एकाचीही घंटा वाजत नव्हती. हे चोरच, असे खेमिलेला वाटले. चोरलेल्या गुरांच्या घंटा चोर आधी काढून टाकतात, हे तिच्या गावात पोरासोरांनाही ठाऊक होते. या वनातून जाताना भले तांडेही चोरांच्या भीतीने घंटांत गवत कोंबतात, हे मात्र तिला ठाऊक नव्हते. भ्यालेल्या माणसाला चौकशी करायला सवड तरी कुठली! ती करवंदीच्या जाळीत शिरली. गडबडीत भोपळा वाटेवरच पडला.

नायकाने तो रिकामा भोपळा उचलला. तेवढ्यात जाळीत लेक खोकली. खेमिलेने तिच्या तोंडावर हात दाबला.

"बाई, भिऊ नकोस. आम्ही मीठवाले आहोत. पाणी आहे आमच्याकडे."

चोर काय, मी चोर आहे असे सांगून येतो थोडाच? तिने हात आणखी घट्ट दाबला. लेक तळमळू लागली, पण हात सैल करायचा तिला धीर होईना.

नायकाची नजर आपल्या बैलांच्या मुक्या घंटांकडे गेली. मग पुढच्या बैलापाशी जाऊन तो घंटेतले गवत उपसू लागला.

त्याचा सोबती कावल घाबरून म्हणाला, "नायक, घंटा वाजली की चोर आलेच म्हणून समजा! माल जाईल सगळा."

"माल भीत नाही, कावल. ती भ्यायलीय."

बैलाने मान हलवली. घंटा घणघणली, मग दुसरी, मग सगळा तांडा वाजू लागला. खेमिलेचा हात आपोआप खाली आला.

"आई, बैल," लेक पुटपुटली.

पोटात पाणी गेल्यावर लेकीने डोळे उघडले. खेमिला रडत म्हणाली, "नायकदादा, आता भरा गवत. माझ्यापायी तुमचा घात नको."

"मागे-पुढे आणखी कुणी असंच भिऊन दडलेलं असलं तर?" नायक म्हणाला.

तांडा वाजत गाजत निघाला. पान हलले तरी सगळे मागे वळून पाहत होते. वनाच्या कडेला चोर आलेच आणि मागच्या बैलांवरचे मीठ लुटून गेले. माणसे मात्र सगळी नगरात पोचली, आणि लेकही वाचली.

ही कथा सांगून भगवान म्हणाले, "तेव्हाची खेमिला म्हणजे आपल्या विहाराच्या दाराशी वाटसरूंना पाणी देणारी ही उपासिका. लेक म्हणजे भिक्षुणी सुभया. कावल म्हणजे रात्री विहाराचे दार उघडायला कचरणारा हा भिक्षू उत्तिय, आणि तो नायक मी होतो. भिक्षूंनो, पाणी तर कुणीही देईल. भ्यालेल्याला आधी अभय द्यावे."