आचके देणारं मशीन

एका गावाला एक हिरवंगार मैदान होतं आणि त्या मैदानाला एक रखवालदार होता, रंभाजी. माणूस कष्टाळू, पण तोंडाचा तिखट. गवत कापायचं मशीन त्याच्या ताब्यात होतं आणि त्यावर त्याचा भारी जीव. दसऱ्याला लोक अवजारांना कुंकवाचं बोट लावतात. रंभाजीची भक्ती दांडगी, म्हणून टिळाही दांडगा! त्यानं घट्ट कुंकू कालवलं आणि मशीनवर वरपासून खालपर्यंत अंगठ्याचे ठसे उठवले.

दुसऱ्या दिवशी गावात नुसता जल्लोष! गावच्या मुलींचा क्रिकेट संघ पहिल्यांदाच अंतिम सामन्यात पोहोचला होता आणि सामना याच मैदानावर होता. पाहुणा संघ सकाळीच येऊन बसला. ढोल वाजत होते, शिट्ट्या घुमत होत्या. गवत मात्र घोट्यापर्यंत वाढलेलं. पंचांनी बजावलं, "ऊन डोक्यावर यायच्या आत गवत निघालं नाही, तर सामना पाहुण्यांच्या गावात होईल."

रंभाजीनं ऐटीत दोरी ओढली. मशीन सुरू झालं, थोडं पुढं गेलं आणि आचके देऊ लागलं. एकदम गरजायचं, एकदम मलूल व्हायचं, पुन्हा गरजायचं. शेवटी गपकन बंद पडलं. त्यानं प्लग पुसला, हवेची जाळी झटकली. पुन्हा तेच! सगळ्यांचा जीव टांगणीला लागला.

रंभाजीची नजर गर्दीतल्या दस्तगीर मिस्त्रीवर पडली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानंच मशीन खोलून साफ केलं होतं. झालं! रंभाजी कडाडला, "ह्या दस्तगीरनं मशीनची वाट लावली! ह्याच्या हातात कुणी काय देऊ नका!"

"मामा, मी दिलं तवा चांगलं चालत हुतं," दस्तगीर म्हणाला. "मला बघू तरी द्या."

"खबरदार हात लावशील तर!"

चिडलेल्या गर्दीला निमित्तच हवं असतं. एक जण म्हणाला, "माझा पंप परत दे." दुसरा म्हणाला, "माझा ट्रॅक्टर मी आत्ताच घेऊन जातो." दस्तगीरचं घर त्याच्या दुरुस्तीच्या दुकानावरच चालत होतं. बिचारा मान खाली घालून मैदानाबाहेर पडला. फार वाईट झालं ते.

इकडं ऊन चढू लागलं. रंभाजीनं टाकीचं झाकण काढून आत डोकावलं. पेट्रोल भरपूर होतं. घाईघाईत त्यानं झाकण नुसतंच वर ठेवलं आणि दोरी ओढली. काय आश्चर्य! मशीन एका सुरात चालू लागलं. झाकण घट्ट फिरवलं, की थोड्या वेळानं पुन्हा आचके. सैल केलं, की पुन्हा झकास! मशीन थांबवून त्यानं झाकण डोळ्यांजवळ नेलं. हवा आत जायला त्यावर एक बारीक भोक असतं. ते वाळलेल्या कुंकवानं गच्च बुजलं होतं. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. आणि कुंकवावर ठसा होता त्याच्याच अंगठ्याचा.

त्यानं काडीनं भोक मोकळं केलं, झाकण घट्ट बसवलं आणि दोरी ओढली. मशीन सुसाट निघालं, गवत उडू लागलं, मैदान दणाणलं. लोक ओरडले, "शाब्बास रंभाजी! दस्तगीरनं बिघडवलं, रंभाजीनं सुधारलं!"

कुणालाच काही कळलं नव्हतं. गप्प बसला असता, तर गावभर मिरवला असता. त्याची छाती क्षणभर फुगलीसुद्धा. पण फाटकातून दस्तगीरच्या दुकानाकडं निघालेली माणसं त्याला दिसली. त्यानं मशीन बंद केलं.

"मामा, बंद करू नका! वेळ नाही!" संघाची कर्णधार ओरडली.

"आधी हे ऐका!" झाकण काढून उंच धरत रंभाजी मघापेक्षाही मोठ्यानं गरजला. "मशीन दस्तगीरनं बिघडवलं न्हाई! माझ्याच कुंकवानं भोक बुजलं हुतं. खोट माझी, आन् त्याच्यावर आळ घेतला ती त्याहून मोठी खोट. ट्रॅक्टर न्यायला निघालात ते माघारी फिरा, आन् येताना दस्तगीरला मानानं घेऊन या!"

मग टाळ्यांचा कडकडाट झाला आणि माणसं दस्तगीरला आणायला धावली. तो आला तेव्हा रंभाजीनं चारचौघांत त्याच्यापुढं हात जोडले.

"मामा, सामना जाईल की! दोरी ओढा!" दस्तगीर हसून म्हणाला.

दोघांनी आळीपाळीनं मशीन पळवलं. पोरींनी कापलेलं गवत कवेत भरभरून बाहेर फेकलं. ऊन डोक्यावर येता येता पंचांनी नाणेफेक केली!

तात्पर्य: चूक निस्तरली म्हणजे काम संपलं असं नाही. ज्या आवाजात दुसऱ्यावर आळ घेतला, त्याहून मोठ्या आवाजात तो मागे घ्यावा.