जिन्याच्या टोकाचा खडा

फार मागे, नदी जिथे डोंगरातून बाहेर पडते तिथल्या एका गावात सुंद्रा नावाची विणकरीण राहत होती. तिच्या शेजारी धाकू नावाडी राहायचा. दोघांचे अंगण एकच, आणि अंगणाच्या मधोमध एक डेरेदार फणस.

त्या गावाला गो या खेळाचे वेड होते. फळ्यावर आडव्या-उभ्या रेघा, एकाचे काळे खडे, दुसऱ्याचे पांढरे. रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे आळीपाळीने खडे ठेवायचे. कोंडलेले खडे उचलले जायचे, आणि ज्याने जास्त जागा वेढली तो जिंकायचा. डाव कोपऱ्यातून सुरू होई, कारण तिथे फळ्याचे काठच अर्धे कुंपण घालून देतात. कोपऱ्यात कोणी असे आले तर आपण तसे उत्तर द्यायचे, याची गावात गाणी होती. आया ती गाणी पाळण्यापाशी म्हणत.

सुंद्राच्या आईचे गाणे असे होते:

आत शिरला, पाय कापा,
पळू लागला, वळण रोखा,
पायरी पायरी हाका खाली,
काठाशी त्याची वाट संपली.

आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. तिचा आवाज आता या चार ओळींतच उरला होता. सुंद्रा त्या म्हणायची आणि तसेच खेळायची.

एके दिवशी धाकू फणसाच्या बुंध्यावर हात फिरवत म्हणाला, "सुंद्रे, हा फणस मला पाडायचाय. याची छोटी, हलकी होडी करीन म्हणतो."

सुंद्राच्या हातातली कांडी खाली पडली. "दादा, अरे, खळ लावलेला ताणा मी याच्याच सावलीत पसरते. उन्हात सूत कडक होतं, तटातट तुटतं. सावली गेली तर मी विणू काय?"

"आणि होडी नसली तर मी वल्हवू काय?"

"आहे की तुझी होडी!"

"ती होडी नाही, म्हैस आहे. पाण्यात बसली की उठत नाही."

दोघेही हसले, पण माघार कोणी घेतली नाही. शेजाऱ्यांचा वाद फळ्यावर मिटवायचा, अशी त्या गावाची रीत होती. ठरले. सुंद्रा जिंकली तर फणस राहील, धाकू जिंकला तर पडेल.

डाव गावच्या पारावर मांडला. सुंद्राने काळे खडे घेतले. धाकूने सुरुवातीलाच एक पांढरा खडा पलीकडच्या कोपऱ्याजवळ, जरा आडबाजूला ठेवला. तिथे वेढायला काही नव्हते.

तेलीण मावशी बघायला बसली होती. ती म्हणाली, "धाकू, खडा हातातून सांडला की काय?"

"राहू दे मावशी. वाऱ्याला बसलाय तो."

मग तो सुंद्राच्या कोपऱ्यात शिरला. अगदी आईच्या गाण्यातल्यासारखा. सुंद्राने त्याचा पाय कापला, म्हणजे मधे खडा ठेवून त्याला त्याच्या सोबत्यांपासून तोडले. आता तो पळणार, ती वळण रोखणार, आणि पायरी पायरीने जिना उतरावा तसा तो फळ्यावरून तिरपा काठापर्यंत जाऊन कोंडला जाणार. ती मनातल्या मनात गुणगुणू लागली.

तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. डाव मध्येच थांबवून दोघांनी एका पंगतीला जेवायचे, म्हणजे मनात कडू राहत नाही, ही तिथली दुसरी रीत. फळ्यावर टोपली झाकली. धाकूने आणलेले मासे आणि सुंद्राच्या भाकऱ्या संपल्यावर ती ताण्यावर नजर टाकायला अंगणात गेली.

एका दोऱ्याला ती हात लावणार होती, पण थांबली. सवयीने तिने तो आधी टोकापर्यंत बघितला. पार तिकडे, खुंटीपाशी, एक गाठ होती. इथे ओढला असता तर तिथे तुटला असता.

सुंद्रा तशीच उभी राहिली. मग झपाझपा पाराकडे परतली.

टोपली उचलली. तिने बोट फळ्याच्या वर धरले आणि जिन्याच्या पायऱ्या हवेतच उतरत गेली. जिना नेमका त्या आडबाजूच्या पांढऱ्या खड्यापाशी पोचत होता. पळणारे खडे त्याचा हात धरून सुटले असते, आणि मागे धावलेले काळे खडे जागोजागी उघडे पडले असते.

गाणे आईचे होते. ते सोडणे तिच्या जिवावर आले. पण आईने ते रिकाम्या फळ्यावर शिकवले होते. हा खडा आईने कधी बघितलाच नव्हता.

धाकूचा खडा पळाला तेव्हा सुंद्राने त्याला रोखले नाही. कोपरा त्याला देऊन टाकला, आणि शांतपणे बाहेरून आपली भिंत उभी केली.

"अगंबाई!" मावशीने कपाळाला हात लावला. "हिला आईचं गाणंसुद्धा आठवेना!"

धाकू मात्र फळ्यावर वाकून बघू लागला. त्याला कोपरा मिळाला, पण जिन्याची वाट बघत बसलेला त्याचा खडा बसूनच राहिला. तिकडे कोणी आलेच नाही. सुंद्राच्या भिंतीपुढे मोकळे रान होते. दिवस कलायच्या आत ते तिचे झाले, आणि ती थोडक्यात जिंकली.

"शाबास गं!" धाकू मनापासून म्हणाला. "गाणं म्हणशील या भरवशावर होतो मी. आईने शिकवलेलं कोण सोडतं?"

"सोडलं नाही, दादा. जिथे लागू पडेल तिथे म्हणेन." मग ती त्याच्याकडे बघतच राहिली. फळा पुरता बघायला बसल्यावर तिला पलीकडचा माणूसही दिसला होता. "पण तू डावखुरा कधीपासून झालास? सगळे खडे डाव्या हाताने ठेवलेस."

धाकू ओशाळला. "उजवा खांदा उचलवत नाही गं आता. म्हणून हलकी होडी हवी होती."

"मग तसं बोलायचं नाही?"

"म्हातारा झालो म्हणून तुला सांगू?"

दुसऱ्याच दिवशी फणसाखाली सुंद्राने जाड सुताचा ताणा लावला. वल्ह्यावर चालणाऱ्या त्या गावात होडीला शीड असे कधी नव्हते. तिने विणलेले शीड धाकूने आपल्या जुन्या होडीवर उभारले. वारा भरला, तशी ती म्हैस उठली आणि डुलत नदीपार निघाली.

काठावरून मावशी ओरडली, "धाकू, आता तूच वाऱ्याला बसलास की रे!"

तात्पर्य: शिकवलेले उत्तर चुकीचे नसते, पण ते देण्याआधी पट टोकापर्यंत बघावा, आणि पटापलीकडचा माणूसही.