मगरीचा वेढा

माणसाने खाडीला नाव दिलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. खाडीतल्या बेटावरच्या अजगराने मगरीचं पिल्लू गिळलं, म्हणून मगरीने अख्ख्या बेटालाच वेढा घातला. त्यात उन्हाने तिथलं गवत वाळलं. तेव्हा म्हातारी कासवी बेटावरच्या सशांसाठी पाठीवर हिरवी पेंढी घेऊन निघाली.

“थांब! वेढ्यातून काही न्यायचं नाही, असा कायदा आहे,” मगर गुरकावली.

“कायदा आहे, तर तपास की बाई! पण भुकेल्याचा घास अडवायचा कायदा कुठला?”

मगरीने पेंढी उसकटली. नुसतं गवतच निघालं. “हे अजगराला मिळेल,” ती म्हणाली.

“अगं, अजगर कधीपासून गवत खायला लागला?” कासवी वैतागून ओरडली.

मगरीने तरीही गवत ठेवून घेतलं. कासवी चडफडत परतली.

बेटावर अजगर दिवसेंदिवस गलेलठ्ठ होत गेला. भुकेने पाय लटपटणारे ससे आता त्याला जागच्या जागी सापडत होते.