नदीपलीकडची अक्षत

एका गावात गेणू नावाचा बुरूड राहत असे. त्याने विणलेल्या सुपातून मोहरीचा दाणाही गळायचा नाही, असा त्याचा हात. पण मुलीच्या, मंजुळेच्या लग्नाला आठ दिवस उरले आणि त्या हातात बांबूची कामटी ठरेना. टोपली विणायची, उसवायची, पुन्हा विणायला घ्यायची.

कारण होतं त्याचा मुलगा हैबती. हैबतीचा जीव सदोबा रंगाऱ्यावर जडला होता. नवरा-बायको राहतात तसे ते दोघे पुरुष नदीपलीकडे घर करून राहत. तीन वर्षं गेणूने मुलाचं नाव काढलं नव्हतं. आता मांडवात नवऱ्या मुलाचा कान पिळायला नवरीचा भाऊ हवा. कान पिळला की वरपक्षाने त्याला फेटा बांधायचा, अशी रीत. गेणूने गुपचूप पुतण्याला सांगून ठेवलं.

मंजुळेला ते कळलं. ती म्हणाली, "आबा, सख्खा भाऊ असताना चुलतभाऊ उभा करणार असाल, तर नवरीही चुलतच शोधा."

गेणू चार वेळा नदीपर्यंत गेला आणि चार वेळा परतला. पाचव्या वेळी अक्षता घेऊन पलीकडे पोचला. दारातूनच त्याने मुलाला सांगितलं, की लग्नाला ये, पण एकटा ये.

हैबतीने पाण्याचा तांब्या पुढे केला. "आबा, अक्षत माणसाला देतात की घराला?"

घराला देतात, हे गेणूला ठाऊक होतं. त्याने अक्षता उंबऱ्यावर ठेवल्या.

लग्नाच्या दिवशी दोघे मांडवात आले आणि कुजबुज सुरू झाली. व्याह्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मुलगा ओळखला. हा दुसरा कोण?"

मांडव रंगवायला आलाय म्हणावं? पलीकडच्या गावचा पाहुणा म्हणावं? दोन्ही उत्तरं जिभेवर आली. खरं सांगितलं आणि लग्न मोडलं तर? हैबतीने मान खाली घातली होती. बापाचं उत्तर त्याने आधीच ओळखलं होतं जणू. ती खाली गेलेली मान गेणूला बघवेना.

तो म्हणाला, "हा सदोबा. माझ्या मुलाचा जोडीदार. आमच्या घरचा माणूस."

तेवढ्यात नवऱ्या मुलाने मुंडावळ्या बाजूला सारल्या. "मग खोळंबा कसला? मेहुणे दोन आले, कानही दोनच आहेत."

हशा पिकला. व्याही हसले नाहीत. पण दुसरा फेटा आणायला त्यांनी माणूस पिटाळला.

दुसऱ्या दिवशी गेणूने अर्धी राहिलेली टोपली हातात घेतली. ती एका बैठकीत पुरी झाली.

तात्पर्य: आपल्या माणसाला मनातल्या मनात आपलं मानून भागत नाही, चारचौघांत आपलं म्हणावं लागतं.